आपल्याच पक्षाच्या उमेदवारावर निवडणुकीत टीका केली आहे का? अनुभव लिहा

कृष्णाकाठ

आमच्या घरात पक्ष बदलत नाही. बाबांनी बत्तीस वर्षं एकाच चिन्हाच्या भिंती रंगवल्या, सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना जीपमधून केंद्रावर नेलं. मी मतदार आहे, कार्यकर्ती नाही. पण कुठलं बटण दाबायचं हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. २०२४ च्या विधानसभेला पहिल्यांदा पडला.

तिकीट जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी पक्षात आलेल्या माणसाला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळाला. आदल्या निवडणुकीत हाच माणूस आमच्याविरुद्ध उभा होता आणि बाबांनी गल्लोगल्ली त्याच्याविरुद्ध प्रचार केला होता. आमच्याकडे उपसा सिंचनाचं वीजबिल थकलं की पंप बंद पडतात आणि उभा ऊस वाळतो. या थकबाकीसाठी सत्तेत असताना तुम्ही काय केलंत, एवढं मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. शिवी नाही, टोमणा नाही. दहा मिनिटांत बाबांना फोन आला, “आण्णा, पोरीला आवरा. समोरच्यांच्या हातात आयतं कोलीत देतीय.” रात्रीपर्यंत माझा मेसेज समोरच्यांच्या ग्रुपवर ‘घरचा आहेर’ म्हणून फिरत होता. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला आजही वाटतं की मी विचारलं ते बरोबर केलं. आपल्याकडे उमेदवार ठरवताना साध्या मतदाराला कुणी विचारत नाही, यादी वरून येते. अर्ज भरण्याआधी विचारलं तर अजून तिकीट कुठं जाहीर झालंय, माघारीनंतर विचारलं तर आता एकजूट ठेवा, आणि निकालानंतर विचारायला साहेब भेटत नाहीत. मग विचारायचं कधी?

तुम्ही असं केलं असेल, किंवा मनात असून टाळलं असेल, तर लिहा. स्वतःच्या अनुभवात पक्षाचं आणि उमेदवाराचं नाव नको. ज्या निवडणुका सगळ्यांना माहीत आहेत त्यांच्याबद्दल नावानिशी बोलायला हरकत नाही.

जुना सायकलवाला

सोलापूर जिल्हा. माझा अनुभव तुमच्या उलट आहे आणि तो लिहिताना अजून त्रास होतो.

२०१२ च्या झेडपीला आमच्या गटात पक्षाने ज्याला उभं केलं, त्याच्याच माणसाने आमच्या वाडीचा रस्ता केला होता. पहिल्या पावसात खडी ओढ्यात गेली. मी तालुक्याच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि ते मतदानाच्या आधीच्या अंकात छापून आलं. समोरच्यांनी त्याच्या झेरॉक्स काढून बाजाराच्या दिवशी वाटल्या. आमचा माणूस पन्नासच्या आत मतांनी पडला.

निवडून आला तो पुढची पाच वर्षं आमच्या वाडीत फिरकला नाही. आरोग्य उपकेंद्राची जागा आमच्या गायरानात जवळजवळ ठरली होती, ती दुसऱ्या गावाला गेली. धाकट्या सुनेला बाळंतपणासाठी रात्री दोन वाजता टेम्पोतून तालुक्याला नेलं, तेव्हा मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. ते पत्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तेव्हापासून मी एक ठरवून घेतलंय. तिकीट मिळेपर्यंत जिल्हाध्यक्षाच्या दारात जाऊन भांडतो, लेखी देतो, चार माणसं घेऊन जातो. माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजले की माझं तोंड बंद. उरलेल्या दोन नावांतलं आपल्याला कमी वाईट कोण, एवढंच मग बघायचं.

कृष्णाकाठ

काका, वाचून गलबललं. पण रस्ता वाहून गेला होता हे तर खरं होतं ना? उपकेंद्र पळवलं ते निवडून आलेल्याने. त्याचं पाप तुमच्या पत्रावर का घेता?

जुना सायकलवाला

पोरी, खरं होतं. शब्दही खोटा नव्हता. पण त्या वेळी ते कुणाच्या कामी येणार, हा विचार मी केला नव्हता. तो करायला हवा होता, एवढंच म्हणतोय.

बूथवरचा

नाशिक जिल्हा, कांद्याचा पट्टा. मी टीकाही केली आणि त्याच उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बूथवरही बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. आमचा लाल कांदा तेव्हा काढणीला आलेला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्याकडे लोकसभेचं मतदान २० मे ला. मधल्या पाच महिन्यांत ज्यांनी कांदा मातीमोल विकला त्यांच्याच दारात मला मतदारस्लिपा घेऊन जायचं होतं. पहिल्याच घरी एका आजीने स्लिप घेतली, घडी घातली आणि म्हणाली, “भाऊ, तू बोलला का रे तुझ्या साहेबाला?” मी बोललो नव्हतो.

दोन दिवसांनी गावात कोपरा सभा होती. उमेदवाराचं भाषण संपल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, मी तुमचाच माणूस आहे, मत तुम्हालाच देणार आहे, पण बंदी असताना तुम्ही दिल्लीत कुणाला भेटलात, काय म्हणालात, हे गावासमोर सांगा. नाहीतर मला दारोदार जाता येणार नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मला खाली बसवायचा प्रयत्न केला. उमेदवाराने त्यांना थांबवलं. माईक घेऊन म्हणाले की आमचं कमी पडलं, जेवढ्या जोरात बोलायला हवं होतं तेवढ्या जोरात आम्ही बोललो नाही. टाळ्या पडल्या नाहीत. पण लोक उठूनही गेले नाहीत.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर होतो. अभिरूप मतदान झालं, पन्नास मतं टाकून मोजून दाखवली, ती पुसली, मशीन सील झालं, मी सही केली. दिवसभर यादीवर खुणा करत बसलो. संध्याकाळी १७-सी नमुन्याची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशोबाची प्रत घेतली, तेव्हा पाठ अवघडली होती. निकालात आमचं गाव मायनस गेलं. तालुक्याच्या बैठकीत बोट माझ्याकडे झालं, तुझ्या त्या प्रश्नामुळे गेलं. मी उत्तर दिलं की कांद्याचा भाव मी पाडला नव्हता. त्यानंतर मला कुठलीही जबाबदारी मिळाली नाही.

पण ती आजी परवा बाजार समितीच्या फाटकात भेटली आणि “बोलला बरं का तू” म्हणाली. स्लिपा वाटायला पुन्हा तिच्या दारात मी जाऊ शकतो. माझ्यासाठी ते खूप आहे.

सायकलवाल्या काकांना एक सांगावंसं वाटतं. पत्र छापलं आणि आपण घरी बसलो, तर ते समोरच्याचं होतं. भर सभेत, उमेदवाराच्या तोंडावर, उत्तर द्यायची संधी देऊन विचारलं तर ते आपलं राहतं. माझा तरी असा अनुभव आहे.

काळा कोट

मी तालुका कोर्टात वकिली करते. टीका करण्याआधी प्रतिज्ञापत्र वाचा, एवढी कळकळीची विनंती. प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते, आणि ती निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही दिसते. गुन्हे असतील तर उमेदवाराने प्रचाराच्या काळात तीन वेळा वृत्तपत्रात जाहिरात द्यायची असते. फेब्रुवारी २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर पक्षालाही सांगावं लागतं की गुन्हे दाखल असलेला हाच माणूस का निवडला, स्वच्छ माणूस का मिळाला नाही. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं कारण त्यात चालत नाही.

मी माझ्याच पक्षाच्या उमेदवाराची अशी जाहिरात बारीक टायपात पाहिली, नऊ गुन्हे मोजले आणि रागाच्या भरात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की असल्या माणसासाठी मी मत मागणार नाही. रात्री प्रतिज्ञापत्र उघडून एकेक कलम पाहिलं. नऊपैकी आठ रास्ता रोको आणि मोर्चांचे, जमावबंदी मोडल्याचे. त्यातल्या एका रास्ता रोकोत मी स्वतः रस्त्यावर बसले होते. नववा मात्र फसवणुकीचा होता, ४२० चा, एका पतसंस्थेच्या व्यवहारातला.

सकाळी त्याच ग्रुपवर लिहिलं की आठ गुन्ह्यांबद्दल मी चुकले, माफी मागते. नवव्याबद्दल उत्तर हवं आहे. आठांबद्दल माफी मागितली म्हणूनच नवव्याचं कुणी उडवून लावू शकलं नाही. उमेदवाराचे भाऊ घरी आले, कागद घेऊन बसले, दोन तास बोलले. माझं पूर्ण समाधान झालं नाही आणि तसं मी त्यांना सांगितलं. मत कुणाला दिलं ते सांगत नाही, तो माझा हक्क आहे.

पेठेतली

पुण्यात २०१७ च्या महापालिकेला चारसदस्यीय प्रभाग होते, म्हणजे एका मतदाराला चार मतं. पक्ष सांगत होता, चारही बटणं आपलीच. आमच्या पॅनलमधले तिघे कामाचे होते. चौथ्याने पाच वर्षांत आमच्या वाड्याच्या ड्रेनेजचा अर्ज हातात धरून फक्त फोटो काढले होते. मी सोसायटीच्या जिन्यात उभं राहून सगळ्यांना हेच सांगितलं: तीन आपली द्या, चौथ्याचा विचार करा. पॅनलप्रमुख घरी आले आणि म्हणाले, “वहिनी, पॅनल फुटलं तर चौघंही जातात.” मी त्यांना संडासाचं तुंबलेलं चेंबर दाखवलं. तिघं आले, चौथा पडला. चेंबर जूनमध्ये दुरुस्त झालं.

लोकसभा-विधानसभेला अशी सोय नसते, एकच बटण असतं. म्हणून तिथे माणूस जास्त घुसमटतो असं मला वाटतं.

लातूरकर

घुसमटीवरून लिहितो. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये दुसऱ्या क्रमांकाची मतं ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ला पडली, २७,५००. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावलाही नोटा दुसरा आला. माझे मामा त्या सत्तावीस हजारांतले. युतीत जागा मित्रपक्षाला गेली, आपलं चिन्हच यंत्रावर नव्हतं, म्हणून त्यांच्या गल्लीने ठरवून शेवटचं बटण दाबलं. मामांना अजून त्याचा अभिमान आहे.

मला तितका नाही. विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त तोच निवडून येतो. स्थानिक संस्थांपुरता आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम केला की नोटा सर्वांत पुढे गेला तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. तिथे त्या बटणाला धार आहे. विधानसभेत तुम्ही रागावलात एवढंच कळतं, कशासाठी रागावलात ते त्या आकड्यात उमटत नाही. मामांनी तेच चार शब्द प्रचारात मोठ्याने बोलले असते तर जास्त उपयोग झाला असता असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “बोललो असतो तर गद्दार ठरलो असतो. बटण दाबलेलं कुणाला दिसतंय?”

मांडवीकाठ

पणजी. मामांचं हे शेवटचं वाक्य माझंच आहे.

आमचं घर १९९४ पासून, म्हणजे मनोहर पर्रीकर पहिल्यांदा पणजीतून निवडून आले तेव्हापासून, एकाच चिन्हाला मत देत आलं. २०२२ मध्ये त्यांचे चिरंजीव उत्पल पर्रीकरांना तिकीट मिळालं नाही, ते अपक्ष उभे राहिले आणि ७१६ मतांनी हरले. बाबूश मोन्सेरात पक्षाच्या चिन्हावर जिंकले, आणि निकालाच्याच दिवशी त्यांनी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याला साथ दिली नाही अशी जाहीर तक्रार केली. हे सगळं छापून आलेलं आहे.

त्या पंधरा दिवसांत आमच्या वाड्यावर कोणी मोठ्याने काही बोललं नाही. मीही नाही. प्रचाराला आलेल्यांना आम्ही चहा दिला, मान हलवली, पत्रक ठेवून घेतलं. आत काय ठरलं होतं ते घरातल्या घरातही एकमेकांना सांगितलं नाही. आज मला त्याची खंत वाटते. माझी नाराजी काय होती ते पक्षाला माझ्या तोंडून कधी कळलंच नाही. उघड बोलायला जागा नसली की माणसं आतून पाडायला लागतात, आणि मग प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयाने बघतो. आमच्याकडे दोन कुटुंबांतला चवथीचा येण्याजाण्याचा संबंध त्या संशयाने तुटला. दोघांनीही कदाचित एकाच माणसाला मत दिलं असेल.

वाळव्याकडचा

सांगली लोकसभा २०२४ ची आठवण कुणीतरी काढायलाच हवी. आघाडीत जागा दुसऱ्या पक्षाला गेली, वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले आणि लाखभराच्या फरकाने जिंकले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा. आमच्याकडे लोक आतून नाही, उघड बोलले, चौकाचौकात बोलले. एवढे सगळे एकदम बोलायला लागल्यावर गद्दार कुणाला म्हणणार? एकट्याने बोलणं अवघड असतं, खरं दुखणं ते आहे.

वऱ्हाडातली सून

आमच्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसते, पॅनल असते, पण पॅनल म्हणजे घरचंच. सरपंच थेट जनतेतून, उमेदवार चुलतसासरे. अंगणवाडीचा पोषण आहार कुठे जातो ते मला माहीत होतं कारण मी तिथे मदतनीस होती. मी फक्त सासऱ्यांना, फक्त घरात विचारलं. ते म्हणाले, “सूनबाई, इलेक्शन होऊ दे, मंग बोलू.” इलेक्शन झालं. चुलतसासरे निवडून आले. मंग कोणी बोललं नाही, आणि माझं मदतनीसाचं काम गेलं.

वर कोणी सभेत उभं राहिलं, कोणी ग्रुपवर लिहिलं, ते वाचून चांगलं वाटलं. पण बाईनं कुठं उभं राहावं तेही सांगा. माझं रेशन कार्ड, घर, शेत सगळं त्याच पॅनलच्या हातात आहे. मी मत मात्र माझ्या मनानं दिलं. पेटीजवळ मी एकटी होती.

काळा कोट

ताई, तुम्ही घरात विचारलंत तेही कमी नाही. मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मानधनी काम तोंडी काढून टाकता येत नाही, नोटीस द्यावी लागते. लेखी काय दिलं ते बघू.

डेट्रॉइटहून

मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकन नागरिक, मिशिगनमध्ये मतदार. इथे प्रायमरीत पक्षाचे मतदारच उमेदवार निवडतात, म्हणजे धागाकर्तीच्या ‘कधी विचारायचं’ला इथे ठरलेली तारीख आहे. २७ फेब्रुवारी २०२४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बायडन यांच्या गाझा धोरणाच्या निषेधार्थ एक लाखाहून जास्त मतदारांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘कुणालाही बांधील नाही’, हा पर्याय निवडला. मीही निवडला. शेजारची लेबनानी मैत्रीण आणि मी एकाच गाडीतून गेलो होतो.

नोव्हेंबरमध्ये मी हॅरिस यांना मत दिलं, तिने दिलं नाही. ट्रम्प मिशिगन साधारण ऐंशी हजार मतांनी जिंकले. आम्ही दोघींनी एकमेकींना दोष दिला नाही, पण त्यानंतर बरेच महिने राजकारणावर बोललोही नाही. तारीख ठरलेली असली तरी दुखणं कमी होत नाही, एवढं सांगते.

सह्याद्रीचा वारा

१९६९. राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार. त्यांच्या अर्जावर इंदिरा गांधींचीच सही होती. मग त्यांनीच खासदार-आमदारांना विवेकबुद्धीने मत द्या असं सांगितलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. त्याच वर्षी पक्षाचे दोन तुकडे झाले. वडील तेव्हा सेवादलात होते. पंतप्रधानांना विवेक असतो, तर बूथवरच्या माणसाला का नसावा, हे त्यांचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलो.

कृष्णाकाठ

काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. बूथवरच्या दादांचा अनुभव त्यांनी दोनदा वाचायला लावला. सायकलवाल्या काकांच्या टेम्पोच्या रात्रीवर ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, माझंही लिही. ते सांगत गेले तसंच टाईप करतेय.

“१९९५. त्या वर्षी राज्यात पंचेचाळीस अपक्ष निवडून आले, बरेचसे बंडखोर. आमच्याकडेही एक बंडखोर उभा होता आणि तो माझ्या वर्गातला, एका बाकावर बसलेला. अधिकृत उमेदवाराने साखर कारखान्यातल्या रोजंदारीवरच्या पोरांना कायम करतो म्हणून तीन वर्षं झुलवलं होतं. मला माहीत होतं, कारण त्या पोरांचे अर्ज मीच लिहून दिले होते. तरी मी चाळीस गावांत जाऊन सांगितलं की साहेब शब्दाचे पक्के आहेत. समोर ती पोरं बसलेली असायची. त्यातला एक जण एका सभेत नुसता माझ्याकडं बघत राहिला, काही बोलला नाही. उमेदवार तिसरा आला. वर्गमित्र निवडून आला आणि हार घालायला मी गेलो नाही.

पक्ष सोडायला हवा होता असं मी म्हणत नाही. सोडला नाही, सोडणार नाही. पण ‘शब्दाचे पक्के’ हे दोन शब्द मला गाळता आले असते. चिन्हाला मत द्या एवढंच म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्या पोराचं नाव मला अजून आठवतं. गेल्या वर्षी हिच्या मेसेजवरून फोन आला तेव्हा मी हिच्यावर चिडलो, तेव्हाही तोच डोळ्यांसमोर होता. हे मी हिला कधी सांगितलं नव्हतं.”

बाबा आता झोपलेत. सकाळी सभेत नुसतं बघत राहिलेल्या त्या माणसाच्या गावाला जायचं म्हणतात, ते अजून कारखान्याजवळच राहतात असं कळलंय. मी गाडी चालवणार आहे.